इमारतीत कुणाला ओपिऑइडचा ओव्हरडोस झाला तर: कार्यालये, मोटेल आणि निवासी इमारतींच्या व्यवस्थापकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका आणि कॅनडात कार्यालय, गोदाम, मोटेल किंवा भाड्याच्या सदनिकांची इमारत सांभाळणाऱ्या, तसेच कॉन्डो बोर्डावर काम करणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे पान लिहिले आहे. यातील माहिती डॉक्टर, वकील किंवा प्रमाणित प्रशिक्षक यांची जागा घेऊ शकत नाही. मात्र त्यांच्याकडे जाण्यापूर्वी काय विचारायचे आणि इमारतीत आजच काय करता येईल, हे त्यावरून नक्की ठरवता येईल.

आमच्याकडे सगळे शिकले-सवरलेले, पगारदार लोक आहेत. हा प्रश्न आमचा कसा?

अमेरिकेत २०२३ मध्ये ओव्हरडोसने सुमारे १,०५,००० माणसे दगावली आणि त्यांपैकी सुमारे ८०,००० मृत्यूंमध्ये ओपिऑइडचा, म्हणजे मॉर्फिन-हेरॉइनच्या गटातील वेदनाशामकांचा आणि अमली पदार्थांचा, संबंध होता. २०२४ मध्ये एकूण मृत्यू सुमारे ८०,००० पर्यंत खाली आले. ही घट मोठी असली तरी उरलेला आकडा कानाडोळा करण्याजोगा नाही. त्या देशाच्या कामगार सांख्यिकी विभागाने २०२२ साली कामाच्या ठिकाणी अनवधानाने झालेल्या ओव्हरडोसच्या ५२५ मृत्यूंची नोंद केली. ही नोंद फक्त काम करणाऱ्यांची आणि फक्त मृत्यूंची आहे. इमारतीत आलेले ग्राहक, पाहुणे, भाडेकरू आणि वेळेवर मदत मिळून वाचलेली माणसे तिच्यात येत नाहीत.

ओव्हरडोस होणारा माणूस म्हणजे रस्त्यावर पडलेला व्यसनी, ही आपल्याकडची समजूत सोडली पाहिजे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य खात्याने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बांधकाम आणि खाणकाम क्षेत्रातील कामगारांचा ओपिऑइड-मृत्यूदर राज्यातील सरासरी कामगाराच्या सहापट आढळला. ज्या कामांत दुखापती जास्त आणि पगारी आजारपणाची रजा कमी, त्या कामांत मृत्यूही जास्त, हेही त्याच पाहणीत दिसले. पाठ धरते, रजा परवडत नाही, गोळी घेऊन माणूस कामावर येतो, पुढे गोळीची चिठ्ठी बंद होते आणि तो मिळेल ते घेऊ लागतो. दुसरीकडे, मित्राने दिलेली ‘वेदनेची गोळी’ एकदाच घेणारा विद्यार्थीही आहे. बाजारातल्या बनावट गोळ्या हुबेहूब औषधाच्या गोळीसारख्या दिसतात आणि त्यांत अनेकदा फेंटॅनिल हे अतितीव्र ओपिऑइड असते, ज्याचे २ मिलिग्रॅम इतके प्रमाणही प्राणघातक ठरू शकते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ऑक्सिकोडोन घेणारे, भारतातून आलेले आई-वडीलही या धोक्याच्या बाहेर नाहीत, विशेषतः सोबत झोपेची गोळी किंवा मद्य घेतले गेले तर.

ओव्हरडोसमध्ये माणूस नेमका कशाने मरतो?

श्वास थांबल्याने. मॉर्फिन, हेरॉइन, ऑक्सिकोडोन, ट्रामाडॉल, फेंटॅनिल ही सर्व ओपिऑइडे मेंदूतील ज्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) बसून वेदना कमी करतात, त्याच ग्राहींमार्फत श्वासाची प्रेरणाही मंदावते. प्रमाण वाढले की श्वास उथळ होतो, अंतराअंतराने येतो आणि शेवटी थांबतो. प्राणवायू न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते आणि भरवस्तीतही रुग्णवाहिकेला याहून अधिक वेळ लागू शकतो. हा मधला वेळ कोणीतरी भरून काढणे, हीच इमारतीची सारी तयारी. या पानावरील प्रत्येक सल्ला त्या मिनिटांच्या हिशेबानेच दिलेला आहे.

झोपलेला माणूस आणि ओव्हरडोस झालेला माणूस यांत फरक कसा ओळखायचा?

मोठ्याने हाक मारावी, खांदे हलवावेत आणि तरीही प्रतिसाद नसेल तर मुठीच्या हाडांनी छातीच्या मधल्या हाडावर जोराने घासावे. गाढ झोपलेला माणूस एवढ्याने जागा होतो किंवा निदान हात झटकतो. ओव्हरडोसमध्ये तो हालत नाही. श्वास अगदी मंद असतो किंवा नसतोच, घशातून घरघर किंवा गुळगुळ असा आवाज येतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात आणि अंग थंड, ओलसर लागते. ‘ओठ निळे पडतात’ असे प्रशिक्षणात सांगतात, पण ते गोऱ्या त्वचेवर सहज दिसते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर रंग राखाडी, राखेसारखा होतो, म्हणून ओठांची आतली बाजू आणि नखांच्या मुळाशी पाहावे. तो घोरतो आहे म्हणजे झोपला आहे, असे मानून दार लोटून घेतल्यामुळे माणसे गेली आहेत. उठवूनही न उठणाऱ्याचे घोरणे हा धोक्याचा इशारा आहे.

नॅलॉक्सोन म्हणजे काय आणि ते चुकीच्या माणसाला दिले गेले तर?

नॅलॉक्सोन हे ओपिऑइडला ग्राहींवरून हटवून त्यांची जागा घेणारे औषध आहे. अमेरिकेत त्याला १९७१ मध्ये मान्यता मिळाली, नाकात मारायचा तयार फवारा २०१५ मध्ये आला आणि मार्च २०२३ मध्ये त्याच औषधाच्या, नार्कन नावाने विकल्या जाणाऱ्या ४ मिलिग्रॅमच्या फवाऱ्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्रीची परवानगी मिळाली. आज तो औषधांच्या दुकानात मांडणीवरून उचलून विकत घेता येतो. कॅलिफोर्निया सरकारने २०२४ मध्ये आपल्या योजनेतून दोन फवाऱ्यांची पेटी २४ डॉलरला उपलब्ध करून दिली. अनेक राज्यांत आणि प्रांतांत सार्वजनिक आरोग्य विभाग नॅलॉक्सोनचे किट मोफतही देतात, त्यामुळे खर्चाची सबब पुढे करण्यापूर्वी तिथे चौकशी करावी.

समोरच्या माणसाच्या शरीरात ओपिऑइड नसेल तर नॅलॉक्सोनचा त्याला काही अपाय होत नाही. तो मधुमेहामुळे किंवा पक्षाघातामुळे बेशुद्ध असेल तर औषधाचा उपयोग होणार नाही, एवढेच. म्हणून शंका असेल तर द्यावे. ज्याला ओपिऑइडची सवय आहे तो मात्र शुद्धीवर येताना अस्वस्थ, घाबरलेला किंवा चिडलेला असू शकतो, त्याला उलटी होऊ शकते, आणि ते सोसण्याची तयारी मदत करणाऱ्याने ठेवावी.

प्रत्यक्ष वेळ आली तर काय करायचे?

प्रतिसाद नाही असे दिसताच ९११ला फोन करावा आणि फोन स्पीकरवर ठेवावा, म्हणजे हात मोकळे राहतात आणि पलीकडची व्यक्ती पुढचे सांगत जाते. दुसऱ्या कोणाला किट आणि हृदयाला झटका देणारे एईडी यंत्र आणायला धाडावे. ‘कोणीतरी आणा’ असे न म्हणता एकाकडे बोट दाखवून सांगावे, नाहीतर कोणीच हलत नाही. माणसाला पाठीवर झोपवून मान थोडी मागे करावी. फवाऱ्याचे वेष्टन फाडल्यावर तो कसा चालतो हे पाहण्यासाठी दाबून बघू नये, कारण आत एकच मात्रा असते आणि ती हवेत गेली की संपली. अंगठा खालच्या दट्ट्यावर, दोन बोटे नळीच्या दोन्ही बाजूंना, नळी बोटे नाकाला टेकेपर्यंत आत आणि मग दट्ट्या पूर्ण दाबायचा. माणसाने श्वास आत ओढण्याची गरज नसते.

त्यानंतर हात बांधून वाट पाहू नये. शिकलेले असेल तर दर पाच सेकंदांना एक याप्रमाणे तोंडाने श्वास द्यावा. किटमध्ये त्यासाठी पातळ पडदा असतो. नाडी लागत नसेल किंवा कळत नसेल तर फोनवरील व्यक्ती सांगेल त्याप्रमाणे छाती दाबण्यास सुरुवात करावी. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत द्यावा. श्वास सुरू झाला की माणसाला कुशीवर वळवावे आणि जवळच थांबावे. नॅलॉक्सोनचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटे टिकतो, ओपिऑइड त्याहून जास्त काळ शरीरात राहू शकते आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. ‘मी ठीक आहे, घरी जातो’ असे तो म्हणेल. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला समजावून थोपवावे.

अलीकडे फेंटॅनिलमध्ये झायलाझिन हे जनावरांना गुंगी देणारे औषध मिसळलेले सापडते. ते ओपिऑइड नसल्यामुळे नॅलॉक्सोनने उतरत नाही. परिणामी श्वास नीट सुरू होऊनही माणूस झोपलेलाच राहू शकतो. अशा वेळी तो डोळे उघडत नाही म्हणून फवाऱ्यांवर फवारे मारत बसू नये. श्वास चालू आहे ना, तेवढेच पाहत राहावे.

फेंटॅनिलला हात लागला तर आपल्यालाच ओव्हरडोस होईल का?

नाही. अमेरिकेतील विषविज्ञान तज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०१७ मध्येच स्पष्ट केले आहे की, त्वचेला भुकटी लागल्याने किंवा शेजारी उभे राहिल्याने ओव्हरडोस होण्याचा धोका अत्यंत कमी आहे. हातमोजे घालावेत, भुकटी दिसली तर ती उडवू नये, नंतर साबण-पाण्याने हात धुवावेत. सॅनिटायझर चोळू नये. या अफवेचे पुरेसे खंडन आपल्या प्रशिक्षणात झालेच पाहिजे, कारण भीतीने मागे सरलेला सुरक्षारक्षक ही किट नसण्याइतकीच मोठी उणीव आहे.

किट कुठे ठेवावेत आणि किती?

पुष्कळ ठिकाणी किट विकत घेतले जातात आणि व्यवस्थापकाच्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद होतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी ती गत होते. किट एईडी यंत्राच्या शेजारी, डोळ्यांच्या उंचीवर, ठळक पाटीसह आणि कुलपाविना असावे. चोरीची धास्ती असेल तर दार उघडताच वाजणारी पेटी मिळते. अमेरिकन केंद्र सरकारने आपल्या इमारतींसाठी डिसेंबर २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही एईडी, रक्तस्राव थांबवण्याचे साहित्य आणि नॅलॉक्सोन एकाच ठिकाणी ठेवण्याची कल्पना आहे.

संख्या मजल्यांवरून न ठरवता वेळेवरून ठरवावी. घड्याळ लावून एका कर्मचाऱ्याला इमारतीच्या सर्वात दूरच्या स्वच्छतागृहापासून किटपर्यंत आणि परत चालायला सांगा, तेही लिफ्टची वाट पाहून. तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल तर आणखी एक किट हवे, असे माझे मत आहे. वाहनतळ आणि माल उतरवण्याची जागा या चाचणीत हमखास नापास होतात. प्रत्येक किटमध्ये किमान दोन मात्रा, हातमोजे आणि श्वासाचा पडदा असावा. औषध खोलीच्या तापमानाला ठेवावे. उन्हात तापणाऱ्या गाडीत किंवा हिवाळ्यात गोठणाऱ्या चौकीत नको. नार्कन फवाऱ्याची मुदत आता नव्या उत्पादनांसाठी चार वर्षे आहे. एईडीची बॅटरी तपासणाऱ्या माणसानेच दर महिन्याला फवाऱ्यावरील तारीखही पाहावी, वेगळी समिती नेमून घोंगडे भिजत ठेवू नये.

स्वच्छतागृहांबाबत एवढा आग्रह का?

कारण सार्वजनिक वावराच्या इमारतीत एकांत आणि आतून कडी या दोन्ही गोष्टी तिथेच मिळतात. ओव्हरडोस झालेला माणूस अनेकदा दाराला टेकून खाली घसरलेला असतो. दार आत उघडणारे असेल तर त्याच्याच वजनाने ते अडते आणि बिजागऱ्या काढण्यात मिनिटे जातात. म्हणून नूतनीकरणाची वेळ येईल तेव्हा बाहेर उघडणारी दारे, बाहेरून नाण्याने किंवा किल्लीने फिरणारी कडी आणि दाराखाली पाय दिसतील एवढी मोकळी जागा, या तीन गोष्टी वास्तुविशारदाकडून मागून घ्याव्यात. तोपर्यंत निदान बाहेरून उघडण्याची किल्ली नेमकी कोणाकडे आहे, हे प्रत्येक पाळीतल्या माणसाला माहीत हवे. रात्री अकरानंतर ती घरी गेलेल्या पर्यवेक्षकाच्या खिशात असेल तर ती नसल्यातच जमा.

काही इमारतींनी शिरा दिसू नयेत म्हणून स्वच्छतागृहांत निळे दिवे लावले. ते काढून टाकावेत, असे मी आग्रहाने सांगेन. त्यांमुळे सुई टोचणारे थांबत नाहीत, ते अंदाजाने टोचतात आणि इजा वाढते; शिवाय निळ्या उजेडात ओठांचा बदललेला रंग वाचवायला आलेल्यालाच ओळखता येत नाही. त्यापेक्षा हालचाल थांबली की सूचना देणारी यंत्रणा उपयोगी पडते. बॉस्टनमधील बेघरांसाठीच्या आरोग्य केंद्राने आणि व्हँकूव्हरच्या ब्रेव्ह या संस्थेने अशी यंत्रणा वापरात आणली आहे: आत माणूस आहे पण काही काळ हालचाल नाही, असे दिसले की कर्मचाऱ्याकडे इशारा जातो. ज्या इमारतींना ती परवडत नाही, त्यांनी ठरावीक अंतराने दार ठोठावण्याची पद्धत ठेवावी. ‘आत सगळे ठीक आहे ना?’ असे विचारायचे, उत्तर आले तर पुढे जायचे, उत्तर आले नाही तर पुन्हा मोठ्याने विचारायचे आणि मग दार उघडायचे. उघडण्यापूर्वी किती वेळ थांबायचे हे लेखी ठरलेले असावे, म्हणजे कमी पगारावरील सफाई कर्मचाऱ्याला तो निर्णय एकट्याने, नोकरी जाण्याच्या भीतीने, घ्यावा लागत नाही.

वापरलेल्या सुयांसाठी भिंतीवर पक्की, टोचणार नाही अशी पेटी बसवावी. सुई चिमट्यानेच उचलावी आणि कचऱ्याची पिशवी हाताने दाबू नये.

प्रशिक्षण कोणाला द्यावे?

सर्वांत आधी सफाई कर्मचारी, रात्रपाळीचे रक्षक, स्वागतकक्ष आणि देखभालीचे लोक. प्रत्यक्षात माणूस त्यांनाच सापडतो, पण प्रशिक्षणाच्या यादीत बहुधा मनुष्यबळ विभागाचीच नावे असतात. हे कर्मचारी बरेचदा कंत्राटदाराचे असतात, म्हणून कंत्राटातच प्रशिक्षणाचा वेळ पगारी धरावा आणि ते त्यांच्या भाषेत, बहुतेक ठिकाणी स्पॅनिशमध्ये, व्हावे. ओळख, फोन आणि फवारा एवढे अर्ध्या तासात शिकता येते. श्वास देणे आणि छाती दाबणे यांसाठी मात्र रीतसर वर्ग करावा. सरावाचे रिकामे फवारे मिळतात, ते प्रत्येकाच्या हातात द्यावेत. रुग्णवाहिका कोणत्या दाराने येईल, फाटकाचा क्रमांक कोण सांगेल, लिफ्ट कोण धरून ठेवेल, हेही त्याच वेळी ठरवावे. अशा प्रसंगी भल्याभल्यांचे धाबे दणाणते, आणि एकदा हाताने केलेली गोष्टच तेव्हा आठवते.

हे कायद्याने बंधनकारक आहे का?

ठिकाणावर अवलंबून आहे. कॅनडातील ओंटारियो प्रांतात १ जून २०२३ पासून, कामगाराला कामाच्या ठिकाणी ओपिऑइडचा ओव्हरडोस होण्याचा धोका मालकाला ठाऊक असेल किंवा ठाऊक असायला हवा असेल, तर किट ठेवणे आणि ते प्रशिक्षित कामगाराच्या देखरेखीखाली असणे बंधनकारक आहे. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये केलेल्या कायद्यानुसार राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाने १ डिसेंबर २०२७ पूर्वी, कामाच्या ठिकाणच्या प्रथमोपचार साहित्यात नॅलॉक्सोन समाविष्ट करणारा नियमाचा मसुदा मांडायचा आहे. इतर ठिकाणी राज्यागणिक, कधी शहरागणिक नियम वेगळे आहेत. सक्ती नसेल तिथेही कंपनीच्या वकिलाला ‘ठेवले तर काय होईल?’ एवढेच न विचारता ‘धोका माहीत असून ठेवले नाही तर काय होईल?’ हेही विचारावे.

मदत करायला गेलो आणि अंगाशी आले तर? मी व्हिसावर आहे.

नॅलॉक्सोन हा नियंत्रित पदार्थ नाही. ते जवळ बाळगणे, सद्भावनेने देणे किंवा ९११ला फोन करणे हा गुन्हा नाही, मग आपण नागरिक असा, ग्रीन कार्डधारक असा किंवा एच-१बीवर असा. सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कायदे अमेरिकेत बहुतेक सर्वत्र आहेत. त्यांतील ओव्हरडोसविषयीचा पहिला कायदा न्यू मेक्सिकोने २००७ मध्ये केला. कॅनडात २०१७ पासून देशभरासाठी असा कायदा आहे, आणि ओव्हरडोसच्या वेळी मदत मागवणाऱ्यावर व तिथे हजर असणाऱ्यांवर केवळ अमली पदार्थ जवळ बाळगल्याचा आरोप ठेवता येत नाही. मात्र अमेरिकेतील राज्यांचे संरक्षण त्या-त्या राज्याच्या फौजदारी कारवाईपुरते असते आणि इमिग्रेशनच्या बाबतीत ते गृहीत धरू नये. ज्याच्यापाशी स्वतःच असा पदार्थ होता, त्याने नंतर वकील गाठावा. फोन मात्र आधी करावा.

किट ठेवल्याने ‘इथे नशा चालते’ असा संदेश जातो, असे आमच्या बोर्डाचे म्हणणे आहे.

अग्निशामक नळकांडे भिंतीवर लावल्याने कोणी आग लावत नाही. बोर्डापुढे मांडायचा मुद्दा याहून साधा आहे: माणूस जिवंत राहिला तरच त्याच्यावर उपचार होऊ शकतात, आणि नॅलॉक्सोनने येणारा अनुभव इतका त्रासदायक असतो की त्याच्या भरवशावर कोणी जास्त नशा करील ही शंका टिकत नाही. इमारतीच्या किमतीची काळजी करणाऱ्या सभासदांना, स्वच्छतागृहात झालेला मृत्यू इमारतीच्या नावाला अधिक लागतो, हेही शांतपणे सांगावे.

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमासाठी भाड्याच्या सभागृहात काय करावे?

सभागृह ताब्यात घेताना एईडी कुठे आहे हे विचारतो, त्याच वेळी नॅलॉक्सोनचे विचारावे आणि नसेल तर मंडळाच्या प्रथमोपचार पेटीत एक ठेवावे. मंडळांत डॉक्टर मंडळी असतात. गणेशोत्सवापूर्वी त्यांच्याकडून स्वयंसेवकांसाठी अर्धा तास मागून घेणे अवघड नाही.

भारतातील कार्यालयांनीही हे करावे का?

भारतातील चित्र वेगळे आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २.२६ कोटी लोक ओपिऑइड वापरतात, म्हणजे प्रश्न नाही असे नव्हे. परंतु नॅलॉक्सोन इथे मुख्यतः इंजेक्शनच्या रूपात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळते, त्यामुळे अमेरिकेतला आराखडा जसाच्या तसा उचलता येणार नाही. लक्षणे ओळखणे, १०८ला फोन करणे, श्वास देणे आणि कुशीवर वळवणे या गोष्टींना मात्र चिठ्ठी लागत नाही, आणि कार्यालयातील प्रथमोपचार वर्गात त्यांचा समावेश आजही करता येतो. व्यसनमुक्तीविषयी सल्ल्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

घटना घडून गेल्यावर काय?

त्याच दिवशी वापरलेले किट भरून ठेवावे आणि काय किती वेळात झाले याची नोंद करावी. किट आणायला उशीर झाला असेल तर दोष माणसाला न देता जागा बदलावी. संबंधित व्यक्तीचे नाव कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाता कामा नये. ती कर्मचारी असेल तर तडकाफडकी कामावरून काढण्याआधी कायदेशीर सल्ला घ्यावा, कारण डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेथाडोन किंवा ब्यूप्रेनॉर्फिन ही व्यसनावरील उपचाराची औषधे घेणाऱ्याला अमेरिकेच्या अपंगत्वविषयक कायद्याचे संरक्षण मिळू शकते. उपचारांची माहिती हवी असल्यास १-८००-६६२-४३५७ ही केंद्र सरकारची विनामूल्य वाहिनी चोवीस तास चालू असते.

ज्याने फवारा दिला त्याच्याकडेही लक्ष द्यावे. माणूस वाचला असो वा नसो, त्या कर्मचाऱ्याला उरलेली पाळी पगारी सुटी द्यावी, दुसऱ्या दिवशी विचारपूस करावी आणि समुपदेशनाची सोय आहे हे त्याला पत्रकातून न कळवता समोर बसून सांगावे. तो कंत्राटी असेल तरीही.